आधी अंधार साधा: कॉलेजच्या साध्या मायक्रोस्कोपवर ध्रुवित प्रकाशात ऊती बघण्याची रीत

कोंबडीच्या स्नायूची स्लाइड पहिल्यांदा ध्रुवित प्रकाशात लावली, तेव्हा सगळं दृश्य चांदण्यांनी भरून गेलं. निळे, गुलाबी, पिवळे ठिपके. मी हरखून पोरांना हाक मारली. एक मुलगी शांतपणे म्हणाली, "मॅडम, कोरी स्लाइड लावून बघू का?" तिनं लावली. तिच्यावरही तेच चांदणं. स्लाइड्स मी बोअरच्या पाण्यानं धुऊन उन्हात वाळवल्या होत्या. आमच्या बीड जिल्ह्यातलं बोअरचं पाणी किती जड आहे, ते चहाच्या पातेल्याचा तळ बघितला की कळतं. पाणी उडून गेलं, क्षार काचेवर राहिले आणि मी त्यांना स्नायू समजून बसले.

या तंत्रात पहिली चूक बहुतेकांची हीच होते. चमकलं की सापडलं, असं वाटतं. म्हणून खालची रीत मी अंधारापासून सुरू करते. प्राणिशास्त्र, वनस्पतिशास्त्र किंवा प्रयोगशाळा तंत्रज्ञान शिकणाऱ्यांना आणि शिकवणाऱ्यांना ती हजार-दोन हजारांच्या जादा खर्चात जमावी, असा हिशेब आहे.

हे चालतं कसं

साध्या प्रकाशाच्या लहरी सगळ्या दिशांनी डुलत असतात. पोलरायझरची फिल्म त्यातली एकच दिशा पुढे सोडते, हाच ध्रुवित प्रकाश. त्या फिल्मवर दुसरी फिल्म काटकोनात धरली, तर काहीच पलीकडे जात नाही. या दुसऱ्या फिल्मला अ‍ॅनालायझर म्हणतात. आता दोन्हींच्या मधे असा पदार्थ ठेवा, ज्याचे रेणू बाजरीच्या पेरणीसारखे ओळीत लागलेले आहेत. त्यात शिरलेला प्रकाश दोन भागांत फुटतो, एक भाग मागे पडतो, आणि बाहेर येताना त्याची डुलण्याची तऱ्हा बदललेली असते. त्यातला काही प्रकाश अ‍ॅनालायझरमधून निसटतो, म्हणून काळ्या पार्श्वभूमीवर तो पदार्थ उजळ दिसतो. या गुणाला द्विअपवर्तन म्हणतात.

डोळ्यांनी बघायचं असेल तर अजिंठ्याच्या पायथ्याशी स्फटिक विकणाऱ्यांकडे कॅल्साइटचा पारदर्शक तुकडा मिळतो का बघा. आपल्या काळ्या खडकाच्या पोकळ्यांत तो तयार होतो. पेपरावर ठेवला की प्रत्येक अक्षर दोनदा दिसतं. इरॅस्मस बार्थोलिननं १६६९ साली हेच आइसलँडच्या कॅल्साइटमध्ये पाहून लिहून ठेवलं. पुढे १८२८ मध्ये निकोलनं त्याच कॅल्साइटपासून प्रिझम बनवला आणि मायक्रोस्कोपला ध्रुवित प्रकाश मिळाला. आज आपल्याला प्रिझम लागत नाही, प्लॅस्टिकची फिल्म पुरते.

ऊतींमध्ये काय चमकतं? वनस्पतींत पेशीभित्तीतलं सेल्युलोज, स्टार्चचे कण, कॅल्शियम ऑक्झलेटचे स्फटिक. प्राण्यांत कोलॅजेन, स्नायूतले मायोसिनचे तंतू, केस, हाड, दातांचं एनॅमल, मज्जातंतूंवरचं मायलिन. काय चमकत नाही? पेशीद्रव, जिलेटिन, काच, आणि ज्वारीच्या पानातले सिलिकाचे कण, कारण ते ओपल जातीचे असतात आणि त्यांच्या रेणूंना ओळ नसते. स्नायूतल्या पट्ट्यांना आपण 'ए' आणि 'आय' म्हणून पाठ करतो. ती नावं इथूनच आली आहेत. 'ए' म्हणजे अ‍ॅनआयसोट्रॉपिक, ध्रुवित प्रकाशात चमकणारी. 'आय' म्हणजे आयसोट्रॉपिक, काळी राहणारी. हे प्रात्यक्षिकात दाखवल्यावर पोरं ते जन्मभर विसरत नाहीत.

सामान, आणि ते कुठून आणायचं

आधी शेजारचा विभाग गाठा. तुमच्या कॉलेजात भूगर्भशास्त्र असेल तर त्यांच्याकडे खडकाचे पातळ काप बघायचा पेट्रॉलॉजिकल मायक्रोस्कोप असतो. त्यात पोलरायझर, अ‍ॅनालायझर आणि गोल फिरणारं स्टेज सगळं आधीच बसवलेलं असतं. मराठवाड्याच्या बसाल्टसाठी घेतलेलं ते यंत्र कोंबडीच्या स्नायूलाही तेवढंच चालतं. गोड बोलून एक दुपार मागून घ्या.

ते नसेल तर फिल्म आणा. टीव्ही आणि मोबाइलचे पॅनेल दुरुस्त करणाऱ्या दुकानात पोलरायझर शीट म्हणून मिळते. तिच्या दोन्ही बाजूंचे संरक्षक पापुद्रे काढा, कारण ते स्वतःच चमकतात. एका बाजूला डिंक असेल तर ती बाजू स्वच्छ काचेच्या स्लाइडवर चिकटवून टाका. अ‍ॅसिटोन लावू नका, फिल्म खराब होते.

कॅमेऱ्याचा पोलरायझर फिल्टर किंवा थ्रीडी सिनेमाचा चष्मा असेल तर थोडं डोकं लावावं लागतं. हे बहुधा 'सर्क्युलर' असतात, म्हणजे फिल्मच्या एका बाजूला आणखी एक थर असतो. दोन तुकडे एकमेकांसमोर धरून फिरवा, मग एक उलटा करून फिरवा. ज्या जोडणीत फिरवताना आळीपाळीनं उजेड आणि अगदी काळोख होतो त्या जोडणीत ज्या बाजू समोरासमोर आहेत, त्या नमुन्याकडे ठेवायच्या. त्यावर मार्करनं खूण करा, नाहीतर दर वेळी हाच खेळ करावा लागेल.

बाकी सामान साधं आहे. काचेच्या स्लाइड्स आणि काचेच्याच कव्हरस्लिप्स, ग्लिसरीन, दोन सुया, ब्लेड, पारदर्शक चिकटपट्टी. प्लॅस्टिकच्या कव्हरस्लिप्स किंवा प्लॅस्टिकची पेट्री डिश मात्र नको, त्यांच्यात साच्याचा ताण असतो आणि त्या इंद्रधनुष्यासारख्या रंगतात. पाण्यासाठी गॅरेजवर मिळणारं बॅटरीचं पाणी चालतं, ते क्षार काढलेलं असतं. मागताना 'पाणी' असं स्पष्ट सांगा, दुकानदारानं अ‍ॅसिड दिलं तर भलतंच व्हायचं. जुन्या स्लाइड्स आधी पातळ व्हिनेगरमध्ये बुडवा, क्षार विरघळतात. मग बॅटरीच्या पाण्यानं धुऊन जुन्या धुतलेल्या सुती कपड्यानं पुसा. तंतू सोडणारा नवा कपडा नको. कापूस म्हणजे जवळजवळ शुद्ध सेल्युलोज, तो स्लाइडवर विजेच्या तारेसारखा चमकतो.

अंधार साधणे

पहिली फिल्म कंडेन्सरखाली, म्हणजे स्टेजखालच्या भिंगाखाली, फिल्टर ठेवायच्या कडीत ठेवा. कडी नसेल तर दिव्याच्या काचेवर चालेल. दुसरी फिल्म आयपीसवर. पुठ्ठ्याची एक कडी कापून तिच्यात फिल्म बसवली की ती झाकणासारखी बसते आणि फिरवताही येते. आयपीस काढून नळीत फिल्म ठेवता आली तर अजून छान, पण गरज नाही. आरशाचा मायक्रोस्कोप असेल तर आरसा सूर्याकडे कधीच वळवू नका, एलईडी टॉर्चकडे वळवा. दुपारी वीज गेली तरी टॉर्चवर काम थांबत नाही, हा आमच्याकडचा जादा फायदा.

आता स्लाइड न ठेवता १०x ऑब्जेक्टिव्ह लावा, दिवा पूर्ण मोठा करा, खिडक्यांचे पडदे ओढा आणि वरची फिल्म सावकाश फिरवा. एका जागी दृश्य सगळ्यात काळं होईल. तिथं कडीवर आणि नळीवर रेघ मारा. कंडेन्सरचा आयरिस साधारण अर्धा बंद करा. उघडा ठेवला तर तिरके किरण येतात आणि काळोख राखाडी होतो. डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला दोन-तीन मिनिटं द्या, घाई करू नका.

मग कोरी स्लाइड, वर ग्लिसरीनचा थेंब आणि कव्हरस्लिप. दृश्य पुन्हा काळंच राहिलं पाहिजे. ठिपके दिसले तर क्षार, धूळ किंवा तंतू. सगळं दृश्य सारखंच राखाडी असेल तर फिल्म हलकी आहे किंवा काटकोन चुकला आहे. दृश्यात कुठं काळं, कुठं फिकट असे ढग दिसले आणि ते स्लाइड काढली तरी तिथंच राहिले, तर ऑब्जेक्टिव्हच्या काचेत ताण आहे. दुसरं ऑब्जेक्टिव्ह लावून बघा. महागडं प्लॅन ऑब्जेक्टिव्ह इथं कधीकधी जुन्या साध्यापेक्षा वाईट निघतं.

कोरी स्लाइड काळी झाल्याशिवाय नमुना लावायचा नाही. माझ्या प्रयोगशाळेत हा नियम आहे आणि तो माझ्यासाठीच केलेला आहे.

पहिला नमुना: बटाटा आणि ज्वारी

कापलेला बटाटा स्लाइडवर हलकेच घासा, थेंबभर पाणी घाला, कव्हरस्लिप ठेवा. अंधारात पांढरे शंख उगवल्यासारखे कण दिसतील आणि प्रत्येकावर काळी फुली. स्टार्चचे रेणू केंद्रातून बाहेर किरणांसारखे लागलेले असतात. जे किरण फिल्मच्या दिशेला समांतर येतात ते काळे राहतात, तीच ती फुली. बटाट्याच्या कणाचं केंद्र एका टोकाला असतं, म्हणून फुलीही कलती. ज्वारीच्या पिठात कण लहान, कोनेदार, आणि फुली साधारण मधोमध.

इथं एक प्रयोग करून बघाच. भाकरीचं पीठ दोन वाट्यांत घ्या. एकीत गार पाणी, दुसरीत भाकरीला घालतो तसं कडकडीत आधण. दोन्हींतलं चिमूटभर पातळ करून स्लाइडवर घ्या. गार पाण्यातल्या कणांवर फुल्या शाबूत असतात. आधणातले कितीतरी कण फुगलेले, फुली पुसलेली, काळ्यात विरलेले दिसतात. ज्वारीत गव्हासारखं ग्लुटेन नसतं, भाकरी थापताना जो चिकटपणा लागतो तो या फुगलेल्या स्टार्चमधून येतो. घरोघरी हे सगळ्यांना ठाऊक आहे, इथं फक्त ते होताना दिसतं.

फिरवून बघणे

या तंत्राचा कणा हाच. नमुना पूर्ण एक फेरा फिरवला, तर खरा द्विअपवर्तनी तंतू चारदा काळा पडतो आणि मधल्या ४५ अंशांवर चारदा सगळ्यात उजळ होतो. नुसता प्रकाश विखुरणारा कचरा किंवा हवेचा बुडबुडा असा वागत नाही. तो फिरवला तरी तसाच उजळ राहतो. स्टार्चची गंमत अशी की कण फिरवला तरी फुली जागची हलत नाही, कारण तो सगळीकडून सारखाच किरणाकार आहे.

फिरतं स्टेज नसेल तर जाड पुठ्ठ्याची गोल चकती कापा, मधे खिडकी ठेवा, तिच्यावर स्लाइड चिकटवा आणि बोटानं फिरवा. नमुना मधून थोडा सरकेल, चालेल. ज्यांना तेही नको, त्यांनी दोन्ही फिल्म एकत्र सारख्याच कोनातून फिरवाव्यात, परिणाम तोच.

पऱ्हाटीच्या कापसाचा तंतू यात फसवतो. त्यातल्या सेल्युलोजच्या बारीक लडी पिळदार वळणानं जातात आणि वळण मधेच दिशा बदलतं, म्हणून कापूस कुठल्याच कोनात पूर्ण काळा पडत नाही. ताग पडतो. दोघांना शेजारी ठेवून बघितलं की ओळख पक्की होते. कापूस किती पिकला आहे हे ध्रुवित प्रकाशातल्या रंगावरून ठरवायची पद्धतही आहे. पैठणीच्या विणकराकडून रेशमाचा एखादा धागा मिळाला तर तोही लावा. नितळ, एकसारखा उजेड, मराठवाड्यात एवढा देखणा नमुना दुसरा नाही.

वनस्पतींच्या ऊती

कांद्याचा बाहेरचा वाळका पापुद्रा ग्लिसरीनमध्ये ठेवा. त्यात कॅल्शियम ऑक्झलेटचे लांबट स्फटिक पेशीपेशींत दिसतात. आतल्या ओल्या पापुद्र्यात ते शोधत बसू नका. चमकोऱ्याच्या, म्हणजे अळूच्या, देठाचा पातळ काप घेतला तर सुयांचे जुडगे दिसतात. घसा खवखवतो तो याच सुयांनी.

सीताफळाचा गर खाताना जिभेला रवाळ लागतो ना? तो रवा चिमटीत घेऊन स्लाइडवर दाबा. जाड भिंतीच्या अश्मपेशी दिसतील, थरावर थर चढवलेल्या, कांद्यासारख्या. धारूर-बालाघाटच्या फळात त्या शोधाव्या लागत नाहीत. पेरूतही तशाच असतात.

ज्वारीच्या ताटाचा आडवा काप ब्लेडनं करा. दहा काप घ्या, त्यातला सगळ्यात पातळ ठेवा. वाहिन्यांचे जुडगे आणि सालीलगतची कडक ऊती उजळते, गाभ्यातल्या मऊ पेशींच्या भिंती मंद राहतात. रंगद्रव्य न लावता हे सगळं दिसतं. सॅफ्रॅनिन वाचतं, वेळही वाचतो.

प्राण्यांच्या ऊती

इथं जरा थांबून काम करावं लागतं, कारण उजेड कमी असतो. मागे पडण्याचं माप म्हणजे जाडी गुणिले द्विअपवर्तन. स्टार्चचं द्विअपवर्तन साधारण ०.०१५ धरलं, तर २० मायक्रॉनच्या कणात ३०० नॅनोमीटर येतात, लख्ख पांढरं दिसतं. कोलॅजेनचं साधारण ०.००३, म्हणजे ५ मायक्रॉनच्या कापात जेमतेम १५ नॅनोमीटर. ते अंधुक राखाडी असतं. खिडकी उघडी असेल तर दिसणारच नाही.

स्नायूसाठी ताजं चिकन किंवा मटण घ्या. तंतूच्या दिशेनं सुतळीएवढी पट्टी कापा, अर्धं ग्लिसरीन अर्धं पाणी अशा मिश्रणात रात्रभर फ्रिजमध्ये ठेवा. दुसऱ्या दिवशी तिळाएवढा तुकडा स्लाइडवर घेऊन दोन सुयांनी तंतू विलग करा. जितके विलग तितकं बरं, दोन तंतू एकावर एक आले की पट्टे मिसळतात. ४०x वर, तंतू ४५ अंशांत ठेवून बघा. उजळ 'ए' आणि काळी 'आय' ओळीनं दिसतील.

मग पायाची कंडरा, म्हणजे टेंडन. थोडासा तुकडा सुयांनी पिंजून बघा, चमकतो. आता दुसरा तुकडा उकळत्या पाण्यात दोन-तीन मिनिटं धरा. तो आखडतो आणि चमक विझते, कारण साधारण ६० ते ६५ अंश सेल्सियसच्या पुढे कोलॅजेनची वीण सुटते. पायाचं सूप गार झाल्यावर थिजतं, ते या सुटलेल्या कोलॅजेनचंच जिलेटिन.

हाडासाठी अंगमेहनत आहे. स्वच्छ वाळलेल्या मटणाच्या नळीचा करवतीनं पातळ काप काढा आणि ओल्या पॉलिश पेपरवर घासत जा, आधी खरखरीत, मग बारीक, अखेर हजारच्या वर नंबरचा. त्यातून वर्तमानपत्राचं अक्षर दिसू लागलं की पुरे. हाडातून रक्तवाहिन्या नेणाऱ्या हॅव्हर्स नलिकांभोवती एकाआड एक उजळ-काळी वलयं आणि त्यांवर फुली दिसते. पहिले दोन काप तुटतातच, वाईट वाटून घेऊ नका.

मेणात बसवलेले काप असतील तर मेण पूर्ण काढा, मेणही चमकतं. आणि कुठल्या द्रवात बसवलं ते लिहून ठेवा. पाणी, ग्लिसरीन आणि डीपीएक्स (कायमच्या स्लाइडसाठीचं चिकट माध्यम) यांत एकाच ऊतीची चमक सारखी नसते, कारण तंतूंच्या मधल्या फटीत काय भरलं आहे यावरही काही चमक अवलंबून असते.

रंगाची पट्टी

आतापर्यंत उजळ आणि काळं एवढंच होतं. तंतूची मंद दिशा, म्हणजे ज्या दिशेनं डुलणारा प्रकाश त्यात हळू जातो ती, कुठली, हे कळायला रेड प्लेट लागते, जी साधारण ५३० ते ५५० नॅनोमीटरचा फरक घालते आणि काळ्याऐवजी किरमिजी पार्श्वभूमी देते. विकत घेतली तर महाग. घरी कोऱ्या स्लाइडवर पारदर्शक चिकटपट्टीचे एक, दोन, तीन थर एकाच दिशेनं चिकटवा आणि दोन फिल्ममध्ये ४५ अंशांत धरून बघा. ज्या थरांना किरमिजी रंग येतो तो तुकडा वापरा. प्रत्येक कंपनीची पट्टी वेगळी, म्हणून करून बघण्याला पर्याय नाही.

तिची मंद दिशा कशी ओळखायची? पुन्हा बटाटा. हा तुकडा नमुन्याखाली ४५ अंशांत ठेवून स्टार्च बघा. कणाचे समोरासमोरचे दोन भाग निळे, दोन पिवळे होतील. निळ्या भागांना जोडणारी रेषा हीच तुमच्या पट्टीची मंद दिशा, कारण स्टार्चमध्ये मंद दिशा केंद्रातून बाहेर असते. तुकड्यावर बाण काढा. आता कोणताही तंतू त्या बाणाला समांतर ठेवून निळा होतो की पिवळा, यावरून त्याचा स्वभाव सांगता येतो. कोलॅजेन समांतर असताना निळ्याकडे झुकतं.

दवाखान्यातले नमुने

पॅथॉलॉजीत या तंत्राचा जीव दोन-तीन ठिकाणी आहे. गाऊट म्हणजे युरिक अ‍ॅसिडचे स्फटिक सांध्यात साचण्याचा आजार. त्याच्या सांध्यातल्या द्रवात युरेटच्या सुया बाणाला समांतर असताना पिवळ्या आणि आडव्या असताना निळ्या दिसतात. मॅकार्टी आणि हॉलंडर यांनी १९६१ मध्ये हे ओळखण्याची वाट दाखवली. कॅल्शियम पायरोफॉस्फेटचे स्फटिक उलट वागतात, समांतर असताना निळे, आणि मंद. गाऊटच्या गाठीचा नमुना फॉर्मालिनमध्ये टाकला तर युरेट विरघळून जातो, त्यासाठी अल्कोहोल लागतं.

अमायलॉइड, म्हणजे ऊतींत साचणारं विकृत प्रथिन, बघायला काँगो रेड हे रंगद्रव्य लावलेला काप ८ ते १० मायक्रॉन जाड हवा. सफरचंदी हिरवी झाक दिसली पाहिजे. पांढरट निळं दिसलं तर ते बहुधा कोलॅजेन. खात्रीचा होकारार्थी काप शेजारी लावल्याशिवाय मत देऊ नका. पिक्रोसिरियस रेड या कोलॅजेनच्या रंगद्रव्यामध्ये लाल-हिरव्या तंतूंवरून कोलॅजेनचा प्रकार ठरवायचा मोह होतो. तो रंग तंतूची जाडी आणि दाटी सांगतो, प्रकाराची खात्री देत नाही.

आणि खोटे साक्षीदार. हातमोज्यांच्या पावडरमध्ये स्टार्च असेल तर कापभर फुल्या दिसतात. बफर नसलेल्या फॉर्मालिनचं तपकिरी-काळं रंगद्रव्यही चमकतं, मलेरियाचंही चमकतं. यातल्या कशावरही नुसत्या चमकेवरून निदान होत नाही. ते पॅथॉलॉजिस्टवर सोडा.

फोटो आणि नोंद

मोबाइलनं फोटो घेताना एक्स्पोजर हातानं ठरवा, नाहीतर फोन काळोखाला राखाडी करून टाकतो. एकाच जागेचे तीन फोटो घ्या, साध्या प्रकाशात, काटकोनात, आणि ४५ अंश फिरवून. वहीत कापाची जाडी, माध्यम, बाणाची दिशा आणि कोऱ्या स्लाइडचा फोटो, एवढं लिहा.

ती बोअरच्या पाण्याची स्लाइड मी अजून डब्यात ठेवली आहे. लेबलवर फक्त तारीख आहे. दर वर्षी पहिल्या तासाला ती लावते आणि विचारते, ही कुठली ऊती? एखाद्या वर्षी कुणीतरी लगेच 'स्नायू' म्हणतं. एखाद्या वर्षी कुणीतरी काही न बोलता कोरी स्लाइड शोधायला उठतं.